काळ्या रानातले गांडूळ

गांडूळ हा वलयी प्राणिसंघातला प्राणी. या संघाच्या सुमारे वीस हजार ज्ञात जातींपैकी निम्म्याहून अधिक समुद्रात राहतात. कोकणच्या खाड्यांत ओहोटीला चिखल उकरला, की अंगाच्या दोन्ही बाजूंना परापादांची, म्हणजे पायांसारख्या मांसल उपांगांची, रांग असलेले किडे निघतात. गळाला आमिष म्हणून ते वापरले जातात. हे गांडुळाचे समुद्रातले भाऊबंद. त्यांच्यातल्या काही जाती दोन-तीन मिलिमीटरहून लांब होत नाहीत आणि वाळूच्या कणांमधल्या फटींत आयुष्य काढतात. मोठ्या जातींत सहसा नर-मादी वेगळे असतात. अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडले जातात, फलन पाण्यातच होते, आणि अंड्यातून निघालेला गोलसर, सूक्ष्म केसांचा डिंभ काही दिवस पाण्यात पोहून मग तळाशी उतरतो, लांबतो आणि एकेक वलय वाढवत मोठा होतो.

जनुकीय अभ्यासांतून आता स्पष्ट झाले आहे, की गांडुळे आणि जळवा या समुद्री किड्यांच्याच वंशवृक्षातून फुटलेली फांदी आहे. जमिनीवर येताना या फांदीने परापाद टाकले आणि पोहणारा डिंभ टाकला. पाण्याची गरज मात्र टाकता आली नाही. कातडी ओली राहिली तरच श्वास चालतो आणि अंड्याला ओलावा मिळाला तरच पिल्लू घडते. गांडुळाच्या शरीराचा आणि जीवनचक्राचा जवळजवळ प्रत्येक भाग या एका अडचणीभोवती रचलेला आहे. ही अडचण महाराष्ट्रात जिथे तीव्र होते, अशा तालुक्यांपैकी नाशिक जिल्ह्यातला येवला हा एक.

येवला सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. पाऊस चार महिने, तोही बेभरवशाचा, आणि उरलेले आठ महिने कोरडे. तालुक्याच्या ज्या भागात पालखेड डाव्या कालव्याचे पाणी पोहोचते तिथे कांदा, मका, गहू अशी पिके फिरतात. राजापूर-ममदापूरकडचा भाग, जिथे काळविटांचे संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तो मुख्यतः पावसावरच जगतो. जमीन बेसॉल्ट खडकापासून बनलेली, कुठे खोल काळी, कुठे हलकी मुरमाड. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. एकाच तालुक्यात कालव्याखालच्या गांडुळाचे वर्ष आणि कोरडवाहू रानातल्या गांडुळाचे वर्ष फार वेगळे असते.

येवल्याचे नाव पैठणीमुळे ज्या रेशमाशी जोडले गेले आहे, त्या रेशमाच्या अळीचे अंगही वलयांचे दिसते. पण ती पतंगाची अळी आहे, तिला सहा खरे पाय आहेत आणि तिचे कुळ कीटकांचे. गांडुळाशी तिचे नाते फार दूरचे.

गांडुळाची वलये केवळ वरची नक्षी नाहीत. दोन वलयांच्या मध्ये आत पडदा असतो आणि प्रत्येक वलयातली देहगुहा द्रवाने भरलेली असते. शरीरात हाड नाही. या द्रवाचा दाबच सांगाड्याचे काम करतो. वलयाभोवतीचे वर्तुळाकार स्नायू आवळले की वलय बारीक आणि लांब होते, शरीराच्या लांबीतले उभे स्नायू आवळले की ते आखूड आणि जाड होते. बारीक झालेले तोंड मातीच्या फटीत शिरते, मग जाड होऊन फट रुंदावते. त्याच वेळी जवळजवळ प्रत्येक वलयावरचे दृढरोम, म्हणजे उघड्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे पण बोटांना खरखरीत लागणारे केस, मातीत रुतून शरीर मागे घसरू देत नाहीत. पक्षी गांडूळ ओढतो तेव्हा ते बिळातून सहज सुटत नाही, ते या केसांमुळे.

फुप्फुसे नाहीत, कल्लेही नाहीत. प्राणवायू कातडीतून आत येतो. कातडी चिकट स्रावाने आणि पाठीवरच्या छिद्रांतून झिरपणाऱ्या देहगुहेतील द्रवाने सतत ओली ठेवली जाते. रक्त माणसासारखेच लाल आहे, पण त्यातले हिमोग्लोबिन रक्तपेशींत बंद नसून थेट रक्तद्रवात विरघळलेले असते. शरीराच्या वजनापैकी ७५ ते ९० टक्के पाणीच. उन्हात सापडलेले गांडूळ तडफडून मरते, कारण कातडी सुकताच त्याचा श्वास बंद होतो. उलट हवा मिसळलेल्या पाण्यात ते कित्येक दिवस जिवंत राहू शकते. मुसळधार पावसानंतर गांडुळे वर येतात, त्याचे एक कारण मातीच्या पोकळ्यांतील हवेची जागा पाणी घेते आणि त्या साचलेल्या पाण्यातला प्राणवायू लवकर संपतो, हे आहे. सगळ्याच जाती अशा वर येत नाहीत. ज्यांना प्राणवायू कमी लागतो त्या खालीच तग धरतात.

डोळे नाहीत, पण कातडीत प्रकाश ओळखणाऱ्या पेशी आहेत. गांडूळ उजेडापासून दूर पळते. लाल प्रकाश मात्र त्याला फारसा जाणवत नाही, म्हणून रात्री लाल कागद लावलेल्या टॉर्चने त्याचे निरीक्षण करता येते. कान नाहीत, तरी जमिनीची थरथर त्याला लगेच कळते. दातही नाहीत. गिळलेली माती आणि कुजका पालापाचोळा पेषणी नावाच्या जाड स्नायूंच्या पिशवीत वाळूच्या कणांबरोबर दळला जातो आणि पुढे लांब आतड्यात पचतो. आतड्याच्या आत उभी घडी असते, तिच्यामुळे अन्न शोषणारा पृष्ठभाग वाढतो. मातीत अन्न थोडे असते, त्यामुळे गांडुळाला माती भरपूर गिळावी लागते. शेतीच्या दृष्टीने त्याचे सारे महत्त्व यातच आहे.

भारतात गांडुळांच्या चारशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. जीवशास्त्र शिकलेल्या पिढ्यांना त्यांपैकी एकच नाव पाठ असते, ते ‘फेरेटिमा पोस्थुमा’. कर्म नारायण बहल यांनी लखनौहून १९२६ साली भारतीय प्राणिशास्त्राच्या ग्रंथमालेतला पहिला ग्रंथ या गांडुळावर लिहिला आणि पुढे अनेक दशके महाविद्यालयांतून तेच चिरले गेले. आता त्याचे शास्त्रीय नाव ‘मेटाफायरे पोस्थुमा’ असे बदलले आहे. दख्खनच्या पठारावरच्या शेतांत मात्र ‘लॅम्पिटो मॉरिटी’ ही जात अधिक महत्त्वाची मानायला हवी. तिचे वर्णन प्रथम मॉरिशसमधल्या नमुन्यांवरून झाले म्हणून नाव तसे पडले, पण भारतीय द्वीपकल्पात ती सर्वदूर पसरली आहे आणि कोरड्या हंगामाला तोंड देण्यात तरबेज आहे.

जातींच्या नावांपेक्षाही त्यांच्या राहणीतला फरक शेतकऱ्याला उपयोगी पडतो. फ्रेंच अभ्यासक मार्सेल बुशे यांनी १९७० च्या दशकात या राहणीनुसार गांडुळांचे तीन गट मांडले आणि ते आजही वापरात आहेत. पहिला गट पृष्ठभागावरचा: ही गांडुळे शेण, पाचोळा, उकिरडा यांतच राहतात, माती फारशी खात नाहीत, बिळे करत नाहीत, लवकर वयात येतात आणि भराभर वाढतात. दुसरा गट मातीच्या वरच्या थरांत आडवी बिळे करतो आणि मातीच खातो; ही गांडुळे फिकट रंगाची असतात. तिसरा गट उभी, खोल बिळे करतो, रात्री वर येऊन पाचोळा आत ओढून नेतो आणि उन्हाळ्यात खाली उतरतो. लॅम्पिटो साधारण या तिसऱ्या राहणीची. गांडूळ खताच्या शेडमध्ये वाढणारी गांडुळे पहिल्या गटातली. हा भेद न कळल्यामुळे होणारे नुकसान पुढे येईलच.

येवल्याच्या कोरडवाहू रानातले गांडुळाचे वर्ष मृगाच्या पावसाने सुरू होते. भेगाळलेल्या काळ्या मातीत पहिले जोरदार पाणी वरचा थर भिजवत बसत नाही. ते भेगांतून थेट खाली जाते आणि माती खालूनही ओली व्हायला लागते. खोलवर निजलेल्या गांडुळांपर्यंत ओल पोहोचते, ती जागी होतात आणि वर सरकतात. भेगा मिटून माती वरपर्यंत ओली झाली, की ती मुळांच्या थरात पसरतात. जमिनीवर मातीच्या बारीक गोळ्यांचे ढीग दिसू लागतात, ती त्यांची विष्ठा. कुळवणीच्या आणि नांगरटीच्या मागे गायबगळे, साळुंक्या, कावळे यांची रांग लागते, तीही याच दिवसांत.

मिलनाचा काळ पावसाळ्याचाच, मेटाफायरेच्या बाबतीत साधारण जुलै ते ऑक्टोबर. गांडूळ उभयलिंगी आहे: प्रत्येकात अंडाशयही असते आणि वृषणेही. तरीही ते सहसा स्वतःच स्वतःचे फलन करत नाही, कारण एका शरीरातली अंडी आणि शुक्राणू एकाच वेळी पक्व होत नाहीत. रात्री किंवा पहाटे दोन गांडुळे पोटाला पोट लावून, एकाचे डोके दुसऱ्याच्या शेपटीकडे अशी, शेजारी पडतात आणि एकमेकांना शुक्राणू देतात. मेटाफायरेत पुरुषजननछिद्रे अठराव्या वलयावर असतात आणि आलेले शुक्राणू साठवणाऱ्या शुक्रधानीच्या चार जोड्या पाचव्या ते नवव्या वलयाच्या दरम्यान उघडतात. देवाणघेवाण झाली की दोघे वेगळे होतात. फलन अजून झालेले नसते.

ते होते नंतर, आणि शरीराबाहेर. प्रौढ गांडुळाच्या अंगावर डोक्यापासून थोड्या अंतरावर फुगीर, गुळगुळीत पट्टा दिसतो; मेटाफायरेत तो चौदाव्या ते सोळाव्या वलयावर असतो. त्याला पर्याणिका म्हणतात आणि तो असणे हीच गांडूळ वयात आल्याची खूण. या पट्ट्यातून एक चिवट स्राव पाझरून बाहेर घट्ट होतो आणि अंगाभोवती नळीसारखे आवरण बनते. आवरणाच्या आत प्रथिनयुक्त द्रव भरतो. मग गांडूळ मागे सरकत जाते आणि गळ्यातून बंडी काढावी तसे ते आवरण डोक्यावरून निघते. वाटेत चौदाव्या वलयावरच्या छिद्रातून त्यात अंडी पडतात, पुढे शुक्रधानीच्या छिद्रांवरून जाताना साठवलेले शुक्राणू पडतात आणि आवरणातच फलन होते. डोक्यावरून सुटताच त्याची दोन्ही टोके मिटतात आणि काही मिलिमीटरचा एक बंद कोष मातीत पडतो. समुद्री भाऊबंदांची पिल्ले जे मोकळ्या पाण्यात करतात, ते सारे आता या कोषातल्या थेंबभर द्रवात व्हायचे असते. अख्ख्या गांडुळात सर्वांत मोठे कौशल्य कुठे असेल तर ते या कोषात आहे.

कोषातली सगळी अंडी पिल्ले होत नाहीत. मेटाफायरेच्या कोषात सहसा एकच भ्रूण पूर्ण वाढतो. शेडमधल्या ‘आयसेनिया फेटिडा’च्या लिंबाच्या आकाराच्या कोषातून मात्र दोन-तीन, कधी अधिक पिल्ले निघतात. कोष फुटायला लागणारा काळ ओल आणि तापमान ठरवते. आयसेनियात अनुकूल स्थितीत तो सुमारे तीन आठवड्यांचा. डिंभावस्था नाही. बाहेर पडते ते दोऱ्याएवढे, पांढुरके, जवळजवळ पारदर्शक असे छोटे गांडूळच, आणि पहिल्या दिवसापासून स्वतः खाते. आईबापांचा त्याच्याशी काही संबंध उरत नाही. पट्टा उमटून वयात यायला आयसेनियाला सहा ते आठ आठवडे लागतात. शेतातल्या खोल राहणाऱ्या जातींना अधिक काळ लागतो. प्रयोगशाळेत आयसेनिया चार-पाच वर्षे जगल्याच्या नोंदी आहेत. शेतात पक्षी, बेडूक, गोम, मुंगूस, मुंग्या आणि औजारे इतके आयुष्य क्वचितच पुरे होऊ देतात.

गांडूळ तोडले की दोन होतात, हा समज मात्र बहुतेक जातींच्या बाबतीत खोटा आहे. डोक्याकडचा पुरेसा लांब तुकडा नवी शेपटी वाढवू शकतो. शेपटीकडचा तुकडा थोडा वेळ वळवळून मरतो. ‘पेरिओनिक्स एक्स्काव्हेटस’ ही आपल्याकडची जात अपवाद आहे, तिची पुनर्निर्मितीची ताकद असामान्य आहे. पण रोटाव्हेटरने गांडुळे वाढतात असा अर्थ त्यातून निघत नाही. मेलेली गांडुळे मेलीच.

पाऊस ओसरला की दोन वाटा होतात. कालव्याच्या भागात लाल कांद्यामागून रांगडा, रांगड्यामागून उन्हाळ कांदा, अशी पाणी देण्याची साखळी मार्च-एप्रिलपर्यंत चालते आणि तोवर गांडुळांचे काम चालू राहू शकते. कोरडवाहू रानात हिवाळ्यातच वरचा थर सुकतो. गांडुळे खाली उतरतात, आतडे रिकामे करतात, स्वतःभोवती छोटी गोल पोकळी करून तिला आतून स्रावाचे अस्तर लावतात आणि तीत अंगाची गाठ करून निश्चल पडतात. गाठ केल्याने हवेला उघडी राहणारी कातडी कमी होते. श्वसन मंदावते, खाणे बंद. या ग्रीष्मनिद्रेत शरीरातल्या पाण्याचा मोठा भाग गमावूनही ती जिवंत राहतात. वरच्या थरातली जी लहान गांडुळे उतरू शकत नाहीत ती बहुधा मरतात. पण ओलीच्या आश्रयाने उरलेले कोष पुढच्या मृगापर्यंत वाट पाहतात. गांडुळे संपली असे मे महिन्यात खणून पाहणाऱ्याला वाटते, ते या कारणाने.

गांडुळाच्या कामाचे पहिले पद्धतशीर मोजमाप चार्ल्स डार्विनने केले. मृत्यूच्या काही महिने आधी, १८८१ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अखेरच्या ग्रंथाचा विषय गांडूळ हाच होता. इंग्लंडच्या अनेक भागांत दर एकरी वर्षाला दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाते, असा अंदाज त्याने मांडला. येवल्याच्या रानाला तो आकडा लावणे बरोबर नाही, कारण इथे गांडुळाला वर्षातले थोडेच महिने काम करता येते. पण कामाचा प्रकार तोच. पोटातून निघालेल्या मातीत नत्र, स्फुरद आणि पालाश पिकाला घेता येईल अशा रूपात आसपासच्या मातीपेक्षा अधिक असतात, आणि तिच्या गोळ्या पाण्यात चटकन विरघळत नाहीत. पहिल्या पावसानंतर चोपण होऊन बसणाऱ्या भारी काळ्या मातीला या टिकाऊ रवाळपणाचे आणि बिळांतून खाली मुरणाऱ्या पाण्याचे मोल खतापेक्षा जास्त आहे. कांद्याची मुळे उथळ असतात. वरच्या वीतभर मातीत हवा खेळती राहिली नाही तर कांदा पोसत नाही.

आता शेडमधल्या गांडुळाकडे. महाराष्ट्रात गांडूळ खत रुजले ते मुख्यतः दोन परदेशी जातींवर: युरोपकडची आयसेनिया फेटिडा आणि पश्चिम आफ्रिकेची ‘युड्रिलस युजेनी’. पुण्यात भवाळकर यांच्या गांडूळ संशोधन संस्थेने खोल बिळे करणाऱ्या जातीवरही काम केले, पण बाजारात किलोवर विकली जातात ती शेणखाऊ गांडुळेच. बारा बाय चार फुटांचा प्लास्टिकचा बेड, वर सावली, तळाला पाचट, त्यावर अर्धवट कुजलेले शेण, वरून ओले गोणपाट, एवढ्यावर ती दीड-दोन महिन्यांत खत तयार करतात. ताजे शेण तापते आणि त्या उष्णतेने गांडुळे मरतात, म्हणून ते आधी पंधरा-वीस दिवस पाणी मारून थंड करावे लागते. पस्तीस अंशांवर आयसेनिया टिकत नाही, आणि येवल्याचा मे चाळिशीला भिडतो. तेव्हा सावली आणि दिवसातून दोनदा पाणी यांत हयगय चालत नाही. कांद्याची पात, साल आणि सडका माल थेट बेडमध्ये घातला तर त्यातल्या गंधकयुक्त उग्र द्रव्यांमुळे गांडुळे दूर पळतात. तो आधी शेणाबरोबर कुजवून मगच द्यावा. खत काढताना पाणी चार-पाच दिवस बंद करायचे आणि ढीग उजेडात करायचा. उजेडाला भिऊन गांडुळे तळाशी जातात आणि वरचे खत मोकळे मिळते.

नैसर्गिक शेतीचे प्रचारक पद्मश्री सुभाष पाळेकर यांनी आयसेनियाला सातत्याने विरोध केला आणि देशी गांडुळांचा आग्रह धरला. आयसेनिया हे गांडूळच नव्हे, हा त्या बाजूने होणारा दावा प्राणिशास्त्रात टिकत नाही; ते वलयी संघातले अस्सल गांडूळ आहे आणि त्याचे खतही चांगले असते. पण ते शेताचे गांडूळ नाही, हा मुद्दा पूर्ण खरा आहे. ज्याला बीळ करता येत नाही आणि शेणावाचून जगता येत नाही, ते विकत आणून काळ्या रानात सोडणे म्हणजे पैसे उन्हात टाकणे. शेडमधून शेतात जावे ते खत. शेतात गांडूळ हवे असेल तर तिथे जे आहे त्यालाच जगू द्यावे लागते.

त्याला मारणाऱ्या गोष्टी माहीत आहेत. कार्बोफ्युरानसारखी दाणेदार कीटकनाशके गांडुळांना अतिशय घातक. कांद्यावरच्या फुलकिड्यांसाठी वर्षानुवर्षे वापरलेले फोरेटही तसेच, त्यावर आता देशात बंदी आहे. द्राक्षबागांत वारंवार मारलेल्या बोर्डो मिश्रणातले तांबे मातीत साचते आणि गांडुळे कमी होतात. नांगरटीचा दोष तिच्या वेळेवर ठरतो: एप्रिल-मेमध्ये गांडुळे खोल निजलेली असताना केलेली नांगरट त्यांना तितकी लागत नाही, पण ओल्या मातीत ती मुळांच्या थरात असताना फिरवलेला रोटाव्हेटर त्यांचे तुकडे करतो. धसकटे आणि पाचोळा पेटवून दिला, की पुढच्या पावसात वर आलेल्या गांडुळाला खायला काही उरत नाही. उलट मक्याची धसकटे आणि सोयाबीनचे भूस रानातच आच्छादन म्हणून राहिले, बांधावर झाडोरा राहिला, तर ओल काही आठवडे अधिक टिकते आणि तेवढे आठवडे गांडुळाच्या कामाच्या वर्षात भर पडते.

आपल्या रानात गांडुळे किती, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चांगला पाऊस होऊन दोन दिवस गेले, की सकाळी लवकर एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट खोल खड्डा घ्यावा, माती गोणपाटावर हाताने फोडावी आणि लहानमोठी सगळी गांडुळे मोजावीत. दहा किंवा अधिक निघाली तर माती चांगली, असा ढोबळ मापदंड आहे. शेताच्या तीन-चार ठिकाणी असे मोजून आकडे वहीत लिहावेत, गांडुळे मातीसकट परत खड्ड्यात सोडावीत, आणि पुढच्या वर्षी त्याच दिवसांत, त्याच जागांजवळ पुन्हा मोजावे.